‘तू लक्ष नको देऊ’ एवढ्यावर मुलांचं भागत नाही

माझी मुलगी पाचवीत होती तेव्हा दीडेक आठवडा तिची पाण्याची बाटली शाळेतून भरलेली परत येत होती. सकाळी जेवढी भरून दिली तेवढीच. मी आपली रोज ओरडायचे, पाणी का पीत नाहीस, डोकं दुखेल, युरिनचा त्रास होईल, आणि ती मान खाली घालून बुटाच्या लेस सोडवत बसायची. मग एका रात्री दिवा बंद केल्यावर अंधारात म्हणाली, "आई, पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागतं." एवढंच. पुढचं तुकड्यातुकड्यांत कळलं, की बाथरूमच्या दारात तीन मुली उभ्या असायच्या, ही आली की एक नाक दाबायची, दुसरी "आली आली" म्हणून ओरडायची आणि तिसरी आत जाऊन दाराला कडी लावायची. कोणी मारलं नाही, शिवी दिली नाही, अंगावर ओरखडासुद्धा नाही. पण माझी लेक शाळेचे सहा तास तहानलेली राहत होती.

तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "अगं तू लक्षच नको देऊ." आणि नवरा म्हणाला, "एक ठेवून द्यायची ना." ऐकायला दोन्ही वाक्यं अगदी उलटी, पण तिच्या कानावर पडलं ते एकच, की हे तुझं तुलाच निस्तरायचंय. ती गप्प झाली आणि पुढचे तीन दिवस काही बोललीच नाही. त्यानंतर मी या विषयावर, म्हणजे शाळेतल्या बुलिंगवर, मिळेल ते वाचलं, समुपदेशक बाईंशी बोलले, चुकतमाकत शिकले. ते सगळं इथे जमेल तितक्या सोप्या शब्दांत लिहितेय.

बुलिंग हा शब्द आता मुलं कशालाही वापरतात, कोणी पेन्सिल ओढली तरी घरी येऊन सांगतात मला बुली केलं, म्हणून आधी तेवढं नीट समजून घेऊ. डॅन ओल्वेयस नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, मूळचे स्वीडनचे, नंतर नॉर्वेत काम केलं, त्यांनी १९७० च्या दशकात शाळेतल्या दादागिरीचा पहिल्यांदा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांनी सांगितलेल्या तीन खुणा आजही जगभर वापरतात. एक म्हणजे ते मुद्दाम केलेलं असतं, दुसरं ते पुन्हा पुन्हा होतं, आणि तिसरं, दोघांची ताकद सारखी नसते. माझ्या मते यातली तिसरी खूण आपण पालक सगळ्यात जास्त विसरतो. ताकद म्हणजे फक्त अंगातली नाही, पाठीशी ग्रुप असणं, फाडफाड बोलता येणं, वर्गात सगळ्यांचं लाडकं असणं, दुसऱ्याचं एखादं गुपित हातात असणं, ही पण ताकदच. दोन बरोबरीची पोरं बॉलवरून भांडली, ढकलाढकली झाली आणि दुसऱ्या दिवशी परत एकत्र खेळायला लागली तर ते भांडण, त्यात मोठ्यांनी नाक खुपसू नये हेच बरं. पण एकाच मुलाला रोज तेच आणि त्याला उलटून काही करताच येत नाही, तर ते बुलिंग.

हा फरक कळला की मग एक नेहमीचा उपाय का फसतो तेही कळतं. दोघांना समोरासमोर उभं करायचं, "चला, सॉरी म्हणा, हात मिळवा, उद्यापासून फ्रेंड्स." भांडणात हे चालतं. बुलिंगमध्ये मात्र ज्याला त्रास होतोय त्याला त्रास देणाऱ्याच्या डोळ्यात बघून "मला त्रास होतो" असं सांगावं लागतं, मोठी माणसं निघून गेली की त्याचीही वसुली होते, आणि वर सगळ्यांना वाटतं की प्रकरण मिटलं.

आणि मारहाण नसेल तर आपण ते मोजतच नाही. वाळीत टाकणं, खेळायला न घेणं, तो आला की गप्पा थांबवणं, याला आपण म्हणतो "मुलांचं चालायचंच". किपलिंग विल्यम्स म्हणून एक संशोधक एकदा बागेत बसले होते तेव्हा एक फ्रिस्बी येऊन त्यांना लागली, त्यांनी ती परत फेकली तर समोरच्या दोघा अनोळखी माणसांनी ती परत यांच्याकडे टाकली, थोडा वेळ तिघं खेळले आणि मग अचानक त्या दोघांनी यांच्याकडे टाकणं बंद केलं. बस, एवढंच झालं, पण ते इतकं मनाला लागलं की त्यातून त्यांनी पुढे एक प्रयोग तयार केला, कॉम्प्युटरवर तिघांनी बॉल फेकायचा साधा खेळ, आणि काही फेकींनंतर तुमच्याकडे बॉल यायचा बंद होतो. काही मिनिटांतच माणसाचा मूड पडतो, आपण कोणाला नकोच आहोत असं वाटायला लागतं. पुढच्या एका प्रयोगात तर आधीच सांगितलं होतं की समोर माणसं नाहीत, कॉम्प्युटर खेळतोय, तरीसुद्धा लोकांना वाईट वाटलंच. आता विचार करा, मोठ्या माणसांना मशीनने खेळायला घेतलं नाही तरी लागतं, मग दहा वर्षांच्या मुलाला रोज मधल्या सुट्टीत वर्गातल्या खऱ्या मुलांनी घेतलं नाही तर त्याला "तू लक्ष नको देऊ" सांगून काय होणार आहे? मनाला लागणं हे त्याच्या हातातच नाहीये.

युनेस्कोने २०१९ मध्ये कितीतरी देशांतली आकडेवारी एकत्र केली तेव्हा दिसलं की जवळपास तीनपैकी एका मुलाला मागच्या महिन्याभरात निदान एकदा तरी शाळेत असा त्रास झालेला होता. हे मी माझ्या मुलीला सांगितलं तेव्हा तिने पटकन मनात हिशोब केला, म्हणजे आमच्या वर्गात तेरा-चौदा जण? तिला तोवर वाटत होतं की अख्ख्या शाळेत ती एकटीच.

आता पिअर प्रेशरकडे, म्हणजे बरोबरीच्या मुलांच्या दबावाकडे येते, कारण हा वेगळा विषय वाटतो पण नाहीये. त्या तीन मुलींपैकी कडी लावणारी तिसरी, ती चौथीत माझ्या मुलीच्या बेंचवर बसायची, आमच्या घरी येऊन गेलेली मुलगी. ती वाईट आहे का? मला नाही वाटत. तिला भीती होती की आपण नाही केलं तर उद्या आपला नंबर. बऱ्याचदा एकाला त्रास देणारी एक-दोनच असतात, बाकीची भीतीने त्यांच्या बाजूला उभी राहतात, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं सगळा वर्गच विरुद्ध आहे.

या भीतीची ताकद किती असते ते सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञांनी १९५१ मध्ये दाखवून दिलं. कॉलेजमधल्या मुलांना एका कार्डावर एक रेघ दाखवायची, दुसऱ्या कार्डावर तीन, आणि विचारायचं यातली कुठली त्या रेघेएवढी आहे. इतकं सोपं की एकट्याला विचारलं तर सहसा कोणी चुकत नाही. पण ग्रुपमध्ये बाकी सगळे ॲश यांचेच लोक, आधीच ठरवून चुकीचं उत्तर देणारे, आणि खरा मुलगा एकच, ज्याचा नंबर शेवटी शेवटी येतो. तर अशा फेऱ्यांमध्ये जवळपास एक तृतीयांश वेळा त्या खऱ्या मुलांनीही चुकीचंच उत्तर दिलं, आणि चारातल्या तिघांनी निदान एकदा तरी. डोळ्यांसमोर रेघ दिसतेय, समोरची माणसं अनोळखी आहेत, बक्षीस नाही, शिक्षा नाही, तरीसुद्धा. मग रोज ज्यांच्यासोबत बसायचंय त्या मित्रांसमोर आपल्या मुलाची काय कथा.

किशोरवयात तर हे अजून वाढतं. २००५ मध्ये गार्डनर आणि स्टाइनबर्ग या संशोधकांनी मुलांना गाडी चालवायचा एक कॉम्प्युटर गेम खेळायला दिला, काहींना एकटं आणि काहींना मित्र बघत असताना. १३ ते १६ वर्षांच्या मुलांनी मित्रांसमोर जवळपास दुप्पट धोका पत्करला, चोविशीच्या पुढच्या मोठ्यांना मात्र मित्र असले काय नसले काय, फारसा फरकच नाही. म्हणून जो मुलगा घरी शहाण्यासारखं सगळं बोलतो तोच मित्रांमध्ये गेला की भलतंच करतो, तेव्हा तो आपल्याशी खोटं वागत होता असं नाही, त्या वयात मेंदूच तसा चालतो. म्हणजे नुसतं "तुला अक्कल नाही का" म्हणून उपयोग नाही, अक्कल आहे, पण चार मित्र समोर असताना ती वापरायची सवय अजून व्हायचीय.

पण ॲश यांच्या त्याच प्रयोगात अजून एक गोष्ट होती आणि मला तीच सगळ्यात मोलाची वाटते. त्यांनी ग्रुपमध्ये फक्त एक माणूस बदलला, एकाच माणसाला खरं उत्तर द्यायला सांगितलं. बाकी सगळे आधीसारखेच चुकीचं बोलणारे. तर खऱ्या मुलाचं वाहवत जाणं एकदम पाव भागावर आलं. एक माणूस! त्याच्याकडे ताकद नाही, तो कोणाशी भांडत नाही, फक्त त्याला जे दिसतंय ते तो बोलतो आणि आपण एकटे नाही एवढं समोरच्याला कळतं.

कॅनडात शाळेच्या मैदानावर कॅमेरे आणि माइक लावून केलेला एक अभ्यास २००१ मध्ये आला होता. बुलिंगच्या ८८ टक्के प्रसंगांत आजूबाजूला इतर मुलं हजर होती, मध्ये पडली फक्त १९ टक्क्यांत, पण जेव्हा पडली तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा, ५७ टक्के, तो प्रकार दहा सेकंदांच्या आत थांबला. दहा सेकंद म्हणजे "ए सोड ना त्याला" म्हणायला लागतात तेवढेच.

आमच्याकडेही झालं ते असंच. एका मुलीने, जिच्याशी हिची फार दोस्तीही नव्हती, मधल्या सुट्टीत हिला म्हटलं, "चल, मलापण जायचंय." दोघी गेल्या. त्या तिघी दारात होत्याच, नाकही दाबलं, पण ही सोबतची मुलगी आपली वेणीचा रबर काढून परत बांधत, आदल्या दिवशीच्या गृहपाठाबद्दल काहीतरी बोलत आत गेली, जसं काही तिथे कोणी नाहीच. माझी मुलगी घरी येऊन मला ते रबर बांधणं करून दाखवत होती.

म्हणून मला जर कोणी विचारलं की मुलाचा कॉन्फिडन्स कसा वाढवायचा तर मी सांगते, आधी त्याला एक सोबती मिळतोय का बघा. पॉप्युलर नको, दहा नकोत, एकच. घरी विचारा की मधल्या सुट्टीत कोणाशेजारी बसायला बरं वाटतं, त्या मुलाला घरी बोलवा, त्याच्या आईबाबांशी ओळख करा, शिक्षकांना सांगून बेंच शेजारी करून घेता येतो का बघा. शाळेबाहेरही एखादी जागा असू दे, पोहणं, तबला, चित्रकला, काहीही, जिथे वेगळी मुलं भेटतात, म्हणजे वर्गाने नाकारलं तरी जगाने नाकारलं असं वाटत नाही.

आणि पहिला सोबती तर आपणच आहोत ना. पण त्यासाठी मूल बोलायला हवं, आणि मुलं सांगत का नाहीत याची कारणं अगदी साधी असतात. आई रडेल, बाबा शाळेत जाऊन तमाशा करतील, मोबाइल काढून घेतील, "तूच काहीतरी केलं असशील" म्हणतील, किंवा वर्गात चुगलखोर नाव पडेल. शेवटच्याबद्दल मी माझ्या मुलीला असं समजावलं की दुसऱ्याला ओरडा बसावा म्हणून सांगणं ती चुगली, आणि कोणाचा तरी त्रास थांबावा म्हणून सांगणं ती मदत मागणं, आणि मदत कोणीही मागू शकतं.

ऐकताना मधे बोलू नका, हे मला सगळ्यात कठीण गेलं. मूल सांगायला लागलं की आपलं रक्त उसळतं आणि आपण लगेच नाव काय, कोणाची मुलगी, किती दिवस, तू आधी का नाही सांगितलंस अशी सरबत्ती सुरू करतो, आणि मग ते बिचारं आपल्यालाच सांभाळायला लागतं. त्यापेक्षा "बरं झालं सांगितलंस" आणि "यात तुझी काही चूक नाही" ही दोन वाक्यं आधी, बाकी सगळं नंतर. समोरासमोर बसवून तर विचारूच नका, गाडीत, चालताना, कपड्यांच्या घड्या घालताना, अंधारात, जिथे नजरेला नजर द्यावी लागत नाही तिथे मुलं बोलतात. आणि आपण काहीही करायच्या आधी मुलाला सांगून करा. त्याच्या हातून आधीच सगळं सुटलेलं असतं, निदान घरात तरी त्याला विचारलं जाऊ दे.

मग प्रॅक्टिस. हो, अक्षरशः नाटक करून. मी चिडवणारी व्हायचे, ती स्वतः. सुरुवातीला ती हसायची नाहीतर रडायची, आवाज घशातच अडकायचा. आम्ही लांबलचक डायलॉग ठरवले नाहीत, लांब बोलायला गेलं की आवाज कापतो आणि समोरच्याला तेच हवं असतं. "हे मला आवडलेलं नाही, बंद कर", पाय घट्ट रोवून, एकदाच, मोठ्याने, आणि मग तिथून निघून थेट जिथे बाई किंवा इतर मुलं आहेत तिकडे चालायला लागायचं. किंवा नुसतं "बरं" म्हणून पुढे जायचं. पंधरा-वीस वेळा केलं तेव्हा कुठे ते वाक्य तिच्या जिभेवर बसलं. उलट मारायला मात्र मी शिकवलं नाही, कारण मुळात ताकद सारखी नसते म्हणून तर हे चाललेलं असतं, मारामारी झाली की मार जास्त खातं तेच मूल आणि शिक्षाही बऱ्याचदा त्यालाच होते, कारण चिडवणं कोणी पाहिलेलं नसतं आणि मारणं सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पकडलं, कोंडलं तर सुटण्यासाठी जोर लावायचा, ओरडायचं, ते वेगळं.

मित्रांच्या दबावात "नाही" म्हणण्याचं पण तसंच. आपण घरात मुलाला नाही म्हणू देतो का हो? "उलट बोलू नको", "मोठे सांगतात ते ऐकायचं", काकांना पापी दे म्हटलं की द्यायची, आणि मग बाहेर कोणी सिगारेट पुढे केली की याने खणखणीत आवाजात नाही म्हणावं अशी आपली अपेक्षा. नाही म्हणणं ही सवय आहे आणि ती घरातच लागते, छोट्या गोष्टींवर. आज हा शर्ट नको, आत्ता मला बोलायचं नाहीये, हे त्याने नीट शब्दांत सांगितलं आणि आपण मानलं, की त्याला कळतं आपल्या नाहीला वजन आहे.

मोठ्या मुलांना मान राखून निसटायची वाट लागते. आपलं नाव बिनधास्त वापरू द्या, "माझी आई फोन चेक करते", "बाबा घ्यायला येतायत", आपण खडूस ठरलो तरी चालेल. आमच्याकडे एक खुणेचा मेसेज ठरलाय, ठरावीक इमोजी आला की मी लगेच फोन करून रागावल्यासारखं "आत्ताच्या आत्ता घरी ये" म्हणायचं, आणि घ्यायला जायचं, आणि त्या रात्री एकही प्रश्न विचारायचा नाही. सकाळी बोलायचं. हा शेवटचा भाग मोडला तर पुढच्या वेळी इमोजी येणार नाही.

ऑनलाइन त्रास असेल तर उत्तर देत बसू नये, आधी स्क्रीनशॉट काढावेत तारखेसकट, मग ब्लॉक आणि रिपोर्ट. फोन काढून घेऊ नका, मुलाला ती शिक्षा वाटते आणि पुढचं काही कळायची वाट बंद होते.

शाळेत जाताना रागाने नाही, कागद घेऊन जा. कधी, कुठे, काय झालं, कोण होतं तिथे, तारखा. आधी क्लासटीचर, मग वरचे, आणि "समज देतो" एवढ्यावर समाधान मानू नका, त्या जागेवर मधल्या सुट्टीत कोण उभं राहणार, परत कधी भेटायचं ते ठरवून या. आमच्या पहिल्या भेटीत "मुली आहेत, थट्टा करतात" असं ऐकायला मिळालं होतं, दुसऱ्या भेटीत मी तारखा वाचून दाखवल्या तेव्हा गोष्टी हलल्या. शाळेने मनावर घेतलं तर फरक पडतो हे सिद्ध झालेलं आहे. नॉर्वेत १९८२ च्या शेवटी तीन मुलांनी आत्महत्या केल्या, त्यामागे बुलिंग असावं असं दिसलं, आणि १९८३ मध्ये देशभर मोहीम झाली. त्यात ओल्वेयस यांनी ज्या शाळांमध्ये काम केलं, नियम स्पष्ट केले, सुट्टीतली देखरेख वाढवली, पालकांना बोलावलं, तिथे मुलांच्याच सांगण्यानुसार हे प्रकार निम्म्याच्या आसपास आले.

कधी फोन उलट बाजूनेही येतो, की तुमचं मूल त्रास देतंय. तेव्हा आपला तो बाब्या असं करू नका. मारू पण नका, मारण्यातून तो एवढंच शिकेल की ज्याच्यात ताकद जास्त त्याचं चालतं. नक्की काय केलंस ते त्याच्या तोंडून वदवून घ्या, "मस्करी होती" म्हणाला तर विचारा, तो पण हसत होता का? आणि चूक भरून कशी काढणार ते त्यालाच ठरवू द्या. बऱ्याच मुलांना दुसरीकडे कुठेतरी तेच सोसावं लागत असतं, तेही बघा. आणि माझी मुलगी जर उद्या कडी लावणारी तिसरी निघाली तर, हा प्रश्न मी स्वतःला विचारते, म्हणून तिला हेही सांगून ठेवलंय की थांबवता आलं नाही तरी हसू नको, तिथे उभी राहू नको, आणि नंतर त्या मुलीजवळ जाऊन बस.

एक शेवटचं, ते मात्र गंभीर आहे. झोप उडणं, शाळेच्या दिवशीच पोट दुखणं, वस्तू हरवून येणं, आवडीचं सगळं सोडून देणं, हे आठवडेच्या आठवडे चाललं तर समुपदेशकाकडे जा, त्यात कमीपणा नाही. आणि मूल जर "मी नसलेलीच बरी" असं काही बोललं, स्वतःला इजा केलेली दिसली, तर नाटक करतेय असं समजू नका. सरळ विचारा, तुला मरावंसं वाटतंय का. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलता येतं. तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, शाळा बुडाली, परीक्षा चुकली तरी चालेल.